तुमचं पोर ‘ढ’ आहे, हे ठरवलं कोणी?

जून महिना. मृगाचा पाऊस पडून गेलेला असतो, वाफशाची वाट बघताना एखादा दिवस सवड मिळते, आणि धाकट्या पोराचे नाव घालायला बाप शाळेत जातो. गुरुजींपुढे उभा राहून म्हणतो, “गुरुजी, हा थोरल्यासारखा नाही बरं का. डोकं जरा जडच आहे याचं. चार अक्षरं आली तरी लई झालं.” पोर बापाच्या पाठीमागे उभे असते. त्याने अजून पाटीवर एक रेघही ओढलेली नाही, पण त्याचा निकाल लागला!

वाचकहो, यात बापाच्या मनात वाईट काही नसते. चारचौघांत आपल्याच लेकराचे कौतुक करू नये, दृष्ट लागते, ही आपल्याकडची रीत. पण ते वाक्य दोघांनी ऐकलेले असते, गुरुजींनी आणि त्या पोराने. पुढे त्या वाक्याचे काय होते, ते आज पाहू.

गोष्ट सुरू होते उंदरांपासून. अमेरिकेत रॉबर्ट रोझेंथाल नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच पांढरे उंदीर दिले आणि चक्रव्यूहातून वाट शोधायला शिकवा म्हणून सांगितले. निम्म्यांना सांगितले, तुमचे उंदीर हुशार वाणाचे आहेत; निम्म्यांना सांगितले, तुमचे मंद वाणाचे. खरे म्हणजे उंदीर सगळे सारखेच होते. तरीही ‘हुशार’ उंदीर लवकर शिकले, ‘मंद’ उंदीर मागे राहिले. चौकशी केली तेव्हा कळले, की हुशार समजलेल्या उंदरांना विद्यार्थी जास्त वेळा आणि हळुवारपणे हाताळत होते. ज्यांचा गोठा आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. ‘हे खोंड कामाचं नाही’ असे एकदा मनाने घेतले, की त्याच्या मानेवर जू ठेवताना हात कसा पडतो ते आठवून पाहा.

हा प्रयोग १९६३ साली प्रसिद्ध झाला. रोझेंथाल यांचा त्या विषयावरचा लेख कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांच्या वाचनात आला. त्यांनी पत्र पाठवले आणि दोघांनी मिळून तोच प्रश्न मुलांच्या बाबतीत विचारायचे ठरवले. शाळा बहुतेक गरिबांच्या मुलांची होती. पहिली ते सहावीच्या १८ वर्गांतील मुलांची १९६४ साली बुद्धिचाचणी घेतली. शिक्षकांना मात्र सांगितले, की येत्या वर्षात कोणते मूल एकदम वर येणार हे या चाचणीवरून कळते. मग शेकडा २० मुलांची नावे शिक्षकांना दिली. ती नावे चाचणीवरून निवडलेलीच नव्हती, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी उचललेली होती.

आठ महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली. पहिलीच्या वर्गात नाव सांगितलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी २७ गुणांनी वाढला होता, बाकीच्यांचा १२ गुणांनी. दुसरीत हेच आकडे साडेसोळा आणि सात असे होते. तिसरीपासून पुढे मात्र फारसा फरक दिसला नाही. या प्रयोगावरचे पुस्तक १९६८ साली निघाले आणि जगभर गाजले.

आता इथे थोडे सबुरीने घेतले पाहिजे. बियाण्याच्या पाकिटावरचा आकडा आणि आपल्या वावरातला उतारा यांत अंतर पडते, तसेच या आकड्यांचे आहे. ती चाचणी इतक्या लहान मुलांसाठी भरवशाची नव्हती, असा आक्षेप जाणकारांनी लगेच घेतला. नंतर विचारले तेव्हा बऱ्याच शिक्षकांना यादीतली नावे धड आठवतही नव्हती. पुढच्या पन्नास वर्षांत असे अनेक प्रयोग झाले. त्यांचे सार असे, की शिक्षकाच्या अपेक्षेने फरक पडतो, पण तो बहुधा थोडा असतो. मात्र ज्या मुलांना समाजाने आधीच खाली धरले आहे, त्यांच्या बाबतीत जास्त पडतो. अपेक्षेने ढगातून विद्या बरसत नाही, पाढे घोकावेच लागतात.

पण १९८४ साली स्टीफन राउडेनबुश या अभ्यासकाने अशा १८ प्रयोगांचा ताळा घातला, त्यातून निघालेली गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे. ज्या शिक्षकांची मुलांशी दोन आठवड्यांहून जास्त ओळख झालेली होती, त्यांच्यावर यादीचा फारसा परिणाम झाला नाही. त्यांनी मूल स्वतः पारखले होते. ज्यांची ओळख नवी होती, त्यांच्यावर परिणाम झाला. म्हणजे परक्याचे बोलणे शिक्षकाच्या मनात रुजते ते पहिल्या पंधरवड्यात. आणि आपला तो बाप नेमका कधी बोलला? नाव घालायच्या दिवशी! त्याऐवजी त्याने एवढेच सांगितले असते तरी चालले असते: “गुरुजी, याला शेळ्यांचा हिशेब तोंडी येतो. आकडे अजून शिकवले नाहीत.”

तुम्ही म्हणाल, शिक्षकाच्या मनातले मुलापर्यंत पोहोचते कसे? ते पोहोचते अगदी बारीकसारीक वागण्यातून. मेरी बड रो या अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गातल्या बोलण्याच्या फिती ऐकून वेळ मोजला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट पाहत होते सरासरी एक सेकंद. जी मुले हुशार समजली जात, त्यांना सुमारे दोन सेकंद मिळत. जी कच्ची समजली जात, त्यांना एक सेकंदही नाही. ज्याला विचार करायला जास्त वेळ हवा, त्यालाच कमी वेळ! शिक्षकांनी तीन सेकंद थांबायची सवय लावून घेतली तेव्हा उत्तरे लांब आणि नेटकी येऊ लागली, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली.

घरात याहून वेगळे काय चालते? पाहुणे आले की आपण विचारतो, “सात नव्वे किती रे?” पोर वर बघते, ओठ हलवते, तोच आपण म्हणतो, “बघा, येत नाही.” थोरला मधेच ‘त्रेसष्ट’ म्हणून मोकळा होतो. तीन सेकंद किती असतात ते एकदा मनात एक, दोन, तीन म्हणून पाहा. चांगलेच लांब वाटतात.

कॅलिफोर्नियाच्या शाळेतली आणखी एक गोष्ट मला मुख्य निकालापेक्षा जास्त सलते. यादीत ज्यांची नावे नव्हती अशीही काही मुले त्या वर्षात आपल्या बळावर वर आली होती. त्यांच्याबद्दल शिक्षकांचे मत चांगले व्हायला हवे होते, पण विशेषतः मागे समजल्या गेलेल्या मुलांच्या बाबतीत ते उलट नापसंतीचे झाले. जो पुढे जाणार नाही असे आपण ठरवले, तो पुढे गेला तर ते आपल्याला रुचत नाही. ‘ढ’ पोराला गणितात ऐंशी गुण पडले की घरातच कोणीतरी म्हणते, “कोणाचं बघून लिहिलंस?”

आणि हे नुसते दुसऱ्याच्या मनात राहत नाही, मुलाच्या स्वतःच्या मनातही उतरते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अभ्यासक बाईंनी २००३ साली उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. निम्मे मुलगे उच्च समजल्या जाणाऱ्या जातींचे, निम्मे दलित. कोडे सुटले की पैसे मिळत. नावगाव काही न पुकारता कोडी दिली, तेव्हा दोघांच्या कामात म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग दुसऱ्या गटांत सगळ्यांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे आणि आजाचे नाव आणि जात वाचून दाखवली. तेवढ्याने दलित मुलांनी सोडवलेली कोडी सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. कोडी तीच, वयही तेच. अक्कल काही पाच मिनिटांत कमी होत नाही. ज्या गुरुजींच्या वर्गात हजेरी घेताना जात उच्चारली जाते, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मुलांना जातवार उभे केले जाते, त्यांनी हे जरूर वाचावे.

मुलींचे तर आणखी निराळे. त्यांना ‘ढ’ कोणी म्हणत नाही, त्यांच्याबद्दल पुढचे काही धरलेलेच नसते. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांची पाहणी करून २०१२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथे काही ग्रामपंचायतींचे प्रमुखपद स्त्रियांसाठी राखीव झाले होते. मुलाने किती शिकावे आणि मुलीने किती, याबद्दल आईबापांच्या इच्छेत जे अंतर असते, ते दोन खेपा बाईच्या हाती कारभार राहिलेल्या गावांत शेकडा २५ ने कमी झाले. खुद्द मुलामुलींच्या मनातले अंतर शेकडा ३२ ने घटले, आणि प्रत्यक्ष शिक्षणातली मुलींची पिछाडी भरून निघाली. एकाच खेपेत मात्र असा फरक दिसला नव्हता.

आपल्या महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत, तेव्हा सरपंचबाई तुमच्या गावानेही पाहिल्या असतील. काही ठिकाणी त्यांचे यजमानच खुर्चीवर बसतात, ती गोष्ट सोडा. पण जिथे बाई स्वतः ग्रामसभेत उठून बोलते, तिथे मागे बसलेल्या पोरी ऐकत असतात. बीरभूमच्या त्या गावांत शाळा काही नव्या बांधल्या गेल्या नव्हत्या. मुलींचा धुण्याभांड्यांत आणि पाणी भरण्यात जाणारा वेळ तेवढा कमी झालेला आढळला.