अल्कोहोलपासून फॉस्फेट एस्टर

आम्ल आणि अल्कोहोल एकत्र तापवले की एस्टर मिळते, हे आपण शाळेत शिकतो. फॉस्फोरिक आम्लाच्या बाबतीत मात्र हा मार्ग संथ आहे. शिवाय एक, दोन आणि तीन एस्टर गटांच्या संयुगांचे मिश्रण हाती लागते. म्हणून रसायनशास्त्रज्ञ फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड हाताशी घेतात.

या रेणूत फॉस्फरसला एक ऑक्सिजन आणि तीन क्लोरीन जोडलेले असतात. ब्यूटेनॉलचा रेणू येतो, एका क्लोरीनची जागा घेतो आणि हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. असे तीनदा घडले की ट्रायब्यूटिल फॉस्फेट तयार होते. पहिला क्लोरीन चटकन सुटतो, शेवटचा सर्वांत सावकाश. सुरुवातीला बरीच उष्णता निघते, म्हणून भांडे बर्फात ठेवून द्रव थेंबाथेंबाने घालतात. सुटलेले आम्ल तयार एस्टर तोडू शकते; ते पकडायला पिरिडीनसारखा आम्लारी घालतात. भांडी कोरडी ठेवावीच लागतात, कारण ऑक्सिक्लोराइड पाण्याशी जोरात भिडते. त्याच्या विषारी वाफा पाहता हे काम प्रयोगशाळेतच, धूरकक्षातच व्हायला हवे.

हेच ट्रायब्यूटिल फॉस्फेट केरोसीनसारख्या द्रवात मिसळून वापरलेल्या अणुइंधनातून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढतात. मुंबईत तुर्भ्याला 1964 मध्ये सुरू झालेला प्रकल्प याच पद्धतीवर उभा राहिला.

आणि आपल्या डीएनएचा कणाही फॉस्फेट एस्टरच्या दुव्यांनीच जोडलेला आहे.