पहिला मसाज आणि "कशाच्या तुलनेत?" हा प्रश्न

मागच्या वर्षी सिनॉप्सिसच्या शेवटच्या महिन्यात माझी मान धरली. दिवसाचे दहा-बारा तास खुर्चीत, लॅपटॉप खाली टेबलावर, दुसरं काय होणार! रूममेट म्हणाली, "अगं, एकदा नीट मसाज करून घे." मला मालिश म्हणजे दिवाळीचं अभ्यंग आणि बाळंतिणीकडे येणारी बाई, एवढंच ठाऊक. अनोळखी माणसाकडे पैसे देऊन जायची पहिलीच वेळ. मग आपल्या सवयीप्रमाणे आधी पेपर शोधले, आणि तिथेच फसले. ते सांगतेच, पण आधी तिथे काय होतं ते बघू.

चांगल्या ठिकाणी सुरुवात तेलाने होत नाही, प्रश्नांनी होते. रक्तदाब, मधुमेह, अलीकडची शस्त्रक्रिया, गर्भारपण, त्वचेचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, कुठे दुखतंय, हे सगळं विचारतात. लाजू नका, खरं सांगा. ताप असेल, त्वचेवर संसर्ग असेल, ताजं फ्रॅक्चर असेल किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असल्याची शंका असेल, तर मसाज नको, डॉक्टरकडे जा. कोणी काहीच न विचारता थेट झोपायला सांगत असेल तर तिथून उठलेलं बरं.

मग थेरपिस्ट खोलीबाहेर जातो किंवा जाते. तुम्हाला चालतील तेवढेच कपडे काढायचे आणि चादर ओढून झोपायचं. ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच उघडा, बाकी अंग झाकलेलं. स्त्री हवी की पुरुष, हे आधीच सांगता येतं. दाब जास्त वाटला तर "जरा हळू" म्हणा. सहन करणं ही इथे परीक्षा नाही. एखाद्या ठिकाणी हात नको असेल तर तसं सांगा, आणि अवघड वाटलं तर मधेच थांबवून निघून या. कारण द्यायची गरज नाही. गप्पा मारायलाच हव्यात असंही नाही. डोळा लागला तरी चालतो. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकू शकतं, ते बहुधा एक-दोन दिवसांत जातं.

आता माझ्या फसण्याची गोष्ट. टिफनी फील्ड हे या क्षेत्रातलं मोठं नाव. १९८६ साली त्यांच्या गटाने दाखवलं की रोज १५-१५ मिनिटं तीनदा, असं दहा दिवस हलकं मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन, मालिश न केलेल्या बाळांपेक्षा रोज ४७ टक्के जास्त वाढलं. त्यांच्याच २००५ च्या एका आढाव्यात होतं की मसाजने कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, सरासरी ३१ टक्के घटतं. किती छान आकडा! डिपार्टमेंटच्या सेमिनारमध्ये मी तो मोठ्या अक्षरात स्लाइडवर टाकला. सरांनी एवढंच विचारलं, "कशाच्या तुलनेत?"

मी गप्प. कारण तो आकडा त्याच माणसांच्या मसाजआधीच्या आणि नंतरच्या मोजणीतला फरक होता. आता विचार करा. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यानंतर सर्वांत जास्त असतं आणि दिवसभर आपोआप उतरत जातं. तासभर नुसतं पेपर वाचत बसलात तरी ते बहुधा उतरेलच. मग त्यातलं मसाजमुळे किती? हे सांगायला मसाज न घेतलेला गट लागतो. क्रिस्टोफर मोयर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तशी तुलना असलेले अभ्यास एकत्र केले, तेव्हा कॉर्टिसॉलवरचा परिणाम अगदी किरकोळ निघाला, बऱ्याच ठिकाणी शून्यापासून वेगळा न काढता येण्याइतका.

म्हणजे मसाज थोतांड आहे का? घाई करू नका. याच मोयर यांनी २००४ मध्ये ३७ अभ्यासांचं मेटा-अॅनालिसिस केलं होतं, आणि त्यात तुलनेचा गट धरूनही एका मसाजनंतर त्या वेळची चिंता कमी झालेली दिसली. फायदा आहे, पण तो कॉर्टिसॉलमुळे होतो हे स्पष्टीकरण टिकत नाही. "परिणाम होतो" आणि "असा असा होतो" हे दोन वेगळे दावे आहेत, आणि दोन्हींना वेगळा पुरावा लागतो. हे वाक्य तुमच्या वहीत लिहून ठेवा.

"मसाजने लॅक्टिक अॅसिड निघून जातं" हे तर तुम्हीही ऐकलं असेल. २०१२ मध्ये ११ तरुणांना थकेपर्यंत व्यायाम करायला लावून प्रत्येकाच्या एकाच मांडीला दहा मिनिटं मसाज दिला आणि दोन्ही मांड्यांच्या स्नायूंचे नमुने तपासले. दाहाचे काही संकेत कमी झाले होते, लॅक्टेटमध्ये मात्र फरक नव्हता. इथे डिझाइन बघा: दुसरी मांडी हाच कंट्रोल. वय, झोप, आहार सगळं सारखं, कारण माणूस तोच! नमुना लहान, पण मांडणी हुशार.

आणि पाठदुखीचं काय? २०११ मध्ये अमेरिकेत ४०१ जणांवर चाचणी झाली. एका गटाला आरामाचा मसाज, दुसऱ्याला स्नायूंवर नेमकं काम करणारा, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. दहा आठवड्यांनी दोन्ही मसाज गट नेहमीच्या उपचारांपेक्षा बरे होते, पण त्या दोघांत मोठा फरक नव्हता. म्हणजे पहिल्यांदा जाताना महागडं तंत्र निवडलंच पाहिजे असं नाही. एक अडचण लक्षात ठेवा: गोळीसारखा मसाज लपवता येत नाही. आपल्याला मिळाला की नाही हे प्रत्येकाला कळतं, त्यामुळे अपेक्षेचा वाटा वेगळा काढणं फार अवघड.

माझी मान? त्या दिवशी हलकी झाली, रात्री झोपही लागली. पण मान सर्वांत जास्त दुखत होती तेव्हाच तर मी गेले होते! तिथून ती थोडी उतरणारच होती. शिवाय त्याच आठवड्यात लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकंही ठेवली. श्रेय कोणाला द्यायचं, सांगता येत नाही. एका माणसावर, कंट्रोलशिवाय, दोन गोष्टी एकदम बदलल्या.

तुम्ही जरूर जा, बरं वाटेल. पण हात सुन्न पडत असेल, मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरला दाखवा. आणि स्लाइडवर एखादा सुंदर आकडा टाकण्याआधी स्वतःलाच विचारा, कशाच्या तुलनेत? सरांनी विचारण्यापेक्षा ते बरं.