तक्रार एकाची, बिघाड दुसऱ्याचा

खाणीवर चाललेलं पोकलेन अचानक मंदावतं, डिस्प्लेवर संपर्क तुटल्याचा कोड येतो, आणि ज्या कंट्रोलरने कोड दिला तोच गेला असं साइटवर गृहीत धरलं जातं. नवा कंट्रोलर मागवला जातो, मशीन तोवर उभं राहतं आणि नवा भाग बसवल्यावर तोच कोड पुन्हा दिसतो. यात कोड खोटा नसतो, त्याचं वाचन चुकलेलं असतं. संपर्काचा कोड नोंदवणारा कंट्रोलर हा फिर्यादी असतो; चोरीची फिर्याद द्यायला चौकीत आलेल्या माणसालाच कोठडीत घालावं, तसं आपण त्याच्याशी वागतो. म्हणून या बिघाडाचं निदान करताना कोण कोणाबद्दल तक्रार करतंय आणि कोण पूर्ण गप्प आहे हे आधी पाहावं, मग संपर्काच्या दोन तारांवर मीटर धरावा, आणि भाग बदलण्याचा विचार त्यानंतरच करावा, असं माझं ठाम मत आहे.

आजच्या एक्स्कॅव्हेटरमध्ये इंजिनाचा कंट्रोलर, हायड्रॉलिक पंपाचा कंट्रोलर, केबिनमधला डिस्प्ले आणि मशीनची माहिती दूर पाठवणारं यंत्र एकाच तारजोडीवर बोलतात. ही पद्धत म्हणजे कॅन. बॉश कंपनीने ती मोटारींसाठी विकसित केली, १९८६ मध्ये डेट्रॉइटला जगासमोर मांडली, आणि १९९३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. अवजड वाहनांनी आणि यंत्रांनी तिच्यावर जे१९३९ हे मानक उभारलं. त्यात सेकंदाला अडीच लाख बिट धावतात, नव्या यंत्रांत पाच लाख. इंजिनाचे फेरे किती, तेलाचा दाब किती, हे इंजिनाचा कंट्रोलर सतत तारेवर सांगत राहतो आणि पंपाचा कंट्रोलर त्यावरून किती जोर घ्यायचा ते ठरवतो. हे सांगणं थांबलं की पंप सावध होऊन जोर कमी करतो. ऑपरेटरला जाणवतं ते एवढंच, की बकेट मंद झाली. दोष हायड्रॉलिकमध्ये शोधायची सवय इथूनच लागते.

इंजिनाच्या कंट्रोलरकडे जाणारा फ्यूज उडाला किंवा त्याची अर्थिंगची तार गंजली, तर काय होईल? पंपाचा कंट्रोलर म्हणेल, इंजिनाकडून निरोप येत नाही. डिस्प्लेही तेच म्हणेल. खुद्द इंजिनाच्या कंट्रोलरमध्ये मात्र एकही कोड सापडणार नाही, कारण त्याला वीजच मिळत नव्हती. ज्याच्या खात्यात नोंद नाही आणि ज्याच्याविरुद्ध सगळ्यांची नोंद आहे, संशय त्याच्यावर घ्यायचा. तेही आधी त्याच्या वीजपुरवठ्यावर, मग मुख्य तारजोडीपासून त्याच्यापर्यंत येणाऱ्या फांदीवर आणि शेवटी त्याच्या स्वतःवर. उलट एकच कंट्रोलर बाकी सगळ्यांबद्दल तक्रार करत असेल, तर तोच मुख्य तारेपासून तुटला आहे. सगळेच एकमेकांबद्दल तक्रार करत असतील, तर मुख्य तारजोडी पाहायची. जे१९३९ च्या कोडमध्ये एसपीएन हा विषय सांगतो आणि एफएमआय दोषाचा प्रकार. एसपीएन ६३९ म्हणजे खुद्द हे जाळं आणि एफएमआय ९ म्हणजे निरोप ठरल्या वेळी न येणं. दोन्ही आकडे नीट वाचले तरी त्यांत कुठेही ‘अमुक डबा बदला’ असं लिहिलेलं नाही.

कॅनच्या रचनेतली आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. प्रत्येक कंट्रोलर स्वतःच्या चुका मोजतो आणि पाठवण्यातल्या चुकांची मोजणी २५५ च्या पुढे गेली की स्वतःहून तारेवरून बाजूला होतो, म्हणजे इतरांचं बोलणं बिघडू नये. चावी बंद करून पुन्हा फिरवली की तो परत येतो. ‘बंद-चालू केलं की ठीक होतं’ हे ऑपरेटरचं म्हणणं म्हणूनच थट्टेवारी नेण्यासारखं नसतं. तो निदानातला मोलाचा पुरावा असतो.

आता मीटर. तारजोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणजे संदेशाची लाट टोकावर आपटून परत येत नाही. बॅटरी तोडून या जोडीतल्या पिवळ्या आणि हिरव्या तारेमध्ये मोजलं तर साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलेलं आहे, ४० च्या आसपास आले तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवला आहे, आणि शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. पण ६० दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. एखादी तार सांगाड्याला घासून टेकली असेल, तरी दोन तारांमधलं माप ६० च राहतं. म्हणून प्रत्येक तार सांगाड्याशी वेगळी मोजायची, मग बॅटरी जोडून, चावी चालू करून व्होल्ट पाहायचे. पिवळी अडीचपेक्षा थोडी वर, हिरवी थोडी खाली, आणि दोघींची बेरीज पाचच्या आसपास. तारेला पीन टोचून मोजणं मात्र टाळावं. त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यातला बिघाड आपणच पेरून ठेवतो.

बिघाडाची मुळं बहुधा मातीत, पाण्यात आणि वेल्डिंगमध्ये असतात. कोकणातल्या जांभ्याच्या खाणीवर पाऊस आणि खारी हवा कनेक्टरच्या पिना हिरव्या करतात. जोरदार पाण्याने मशीन धुताना रिकाम्या पिनेच्या भोकाचं बूच नसेल तर पाणी सरळ आत जातं. बूमच्या सांध्यापाशी हार्नेस रोज वाकतो. बकेटला वेल्डिंग करताना बॅटरी आणि कंट्रोलर सोडवायचे असतात. घाईत ते राहतं. बाहेरून जीपीएस बसवणारा माणूस कुठेही तार सोलून लांब फांदी काढतो, खरं तर जे१९३९ चं मूळ मानक फांदी एक मीटरच्या आत ठेवायला सांगतं. एका टोकाचा रेझिस्टर गेला असतानाही छोट्या मशीनचं काम कित्येकदा चालू राहतं, आणि अशी एक जादा फांदी जोडली की जुना दोष वर येतो.

यावर मेकॅनिकांचा आक्षेप असतो, की कंपनीचं सॉफ्टवेअर नसताना हे सगळं व्यर्थ आहे. आक्षेपात तथ्य आहे: नवा कंट्रोलर बसवल्यावर त्यात मशीनची माहिती भरायला कंपनीचाच माणूस लागतो आणि काही संदेश कंपन्यांनी गुप्त ठेवले आहेत. पण ओहम आणि व्होल्ट कोणत्याही कंपनीच्या कुलुपात नाहीत. शिवाय नव्या कंट्रोलरसाठी कंपनीवर अवलंबून राहावं लागतं, हेच तो विनाकारण न बदलण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. दुसरा आक्षेप वेळेचा: मशीन उभं राहिलं की भाडं बुडतं, मग शेजारच्या मशीनचा कंट्रोलर लावून का पाहू नये? कारण डबा काढताना आणि लावताना कनेक्टर हलतो, गंजलेली पीन तेवढ्यापुरती घासून निघते आणि मशीन ‘बरं’ होतं. आठवड्याने तोच बिघाड येतो तेव्हा शोधाचा धागाही हरवलेला असतो. तारेत २४ व्होल्ट शिरत असतील तर शेजारचा चांगला डबाही जाऊ शकतो. तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे: मशीन थंड आणि उभं असताना मीटर काहीच दाखवत नाही. तिथे मीटर जोडून ठेवून हार्नेस हातभर-हातभर हलवत जावं, बूम पूर्ण उचलावी, मशीन तापू द्यावं. ऑसिलोस्कोप असेल तर लाटांचा आकार पाहावा. हे वेळखाऊ आहे, पण त्याला जवळची वाट नाही.

जुनी तारेच्या थ्रॉटलची मशीनं बरी होती, ही हळहळ समजते, पण ती परत येणार नाहीत. चाकांवरच्या बांधकाम-यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून उत्सर्जनाचे चौथ्या टप्प्याचे नियम लागू झाले, आणि इतक्या काटेकोरपणे इंधन सोडणं इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाशिवाय साधणं अवघड आहे. तेव्हा मालकाने मशीन घेताना वायरिंगचा पूर्ण नकाशा मागून घ्यावा. कुठला कनेक्टर कुठे आणि टोकाचे रेझिस्टर कोणत्या जागी, हे त्यात असतं. आणि कंट्रोलर बदलण्याच्या बिलावर सही करण्याआधी जॉब कार्डवर तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते पाहावं: बॅटरी तोडून मोजलेले ओहम, चावी चालू असतानाचे दोन्ही तारांचे व्होल्ट, आणि त्याच कंट्रोलरच्या पिनेवर काम चालू असताना मोजलेला वीजपुरवठा.