पुढच्या मंगळवारी या

रिसोड तालुक्यात रेल्वे नाही. रूळ बघायचे तर वाशीम गाठावं लागतं, नाहीतर शेजारच्या जिल्ह्यातलं हिंगोली. एरवी ही गोष्ट भूगोलाच्या वहीत पडून राहिली असती. पण घरात कॅन्सरचा रुग्ण असला की तिचा हिशेब सुरू होतो. उपचारासाठी निघालेल्या कॅन्सरच्या रुग्णाला भारतीय रेल्वे स्लीपर आणि थ्री-टायर एसीच्या भाड्यात शंभर टक्के सवलत देते. डायलिसिसला जाणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला पंचाहत्तर टक्के. सवलत खरी आहे, फक्त ती स्टेशनपासून पुढे लागू होते. रिसोडकराला आधी एसटी नाहीतर काळी-पिवळी धरून चाळीसेक किलोमीटर काढायचे असतात, तेव्हा कुठे फलाट दिसतो.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ९७ हजार, आणि त्यातली ऐंशी टक्क्यांहून अधिक खेड्यांत राहणारी. २०१८मध्ये केंद्राने ‘आकांक्षित जिल्हे’ निवडले तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि तेव्हाच्या उस्मानाबादच्या जोडीने वाशीमचं नाव आलं. त्या जिल्ह्याच्या नैऋत्य टोकाला रिसोड. एका बाजूला बुलढाण्याचे लोणार आणि मेहकर, दुसऱ्या बाजूला हिंगोलीचं सेनगाव. विदर्भ इथे संपतो आणि मराठवाडा सुरू होतो, म्हणून मोठ्या दवाखान्याच्या वाटाही इथून चहूकडे फुटतात. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना २००२) शंभर किलोमीटरच्या घरात. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय दोनशेच्या आसपास. शिवाय नांदेड आहे, आणि तीनशेच्या आसपास नागपूर. यातली कोणती वाट धरायची हे आजार ठरवतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात बरेचदा ते पाहुणा ठरवतो. ज्या शहरात साडू, भाचा किंवा गावचा कुणी पोरगा खोली करून राहतो, तिथला डॉक्टर आपला.

रिसोडमध्ये दवाखाने नाहीत असं मुळीच नाही. खाजगी डॉक्टर आहेत, ग्रामीण रुग्णालय आहे. प्रश्न त्यानंतरच्या पायरीचा आहे. सामुदायिक आरोग्य केंद्राच्या, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाच्या संस्थेत तीस खाटा आणि सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ असे चार तज्ज्ञ असावेत, असा केंद्राचा दंडक आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशभरातल्या ग्रामीण केंद्रांत या चौघांची मिळून तूट ७९.५ टक्के होती. सर्जनची ८३.२, बालरोगतज्ज्ञांची ८१.६. म्हणजे पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या.

हे आकडे ऐकले की पहिला राग डॉक्टरांवर निघतो: शहर सोडून यायला नको यांना. त्यात तथ्य आहेच. पण एकटा तज्ज्ञ आणून बसवला तरी काम चालत नाही, हा भाग सहसा बोलला जात नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ आली, पण भूलतज्ज्ञ नाही, तर सिझेरियन होत नाही. भूलतज्ज्ञ मिळाला, पण रक्तसाठवण केंद्र बंद, तर अडलेली बाळंतीण तशीच पुढे जाते. भूलतज्ज्ञांची वानवा इतकी जुनी आहे की एमबीबीएस डॉक्टरांनाच काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन बाळंतपणापुरती भूल देण्यासाठी तयार करण्याचा कार्यक्रम सरकारला काढावा लागला. हाडाच्या डॉक्टरला एक्स-रे आणि शस्त्रक्रियागृह लागतं, हृदयरोगतज्ज्ञाला कॅथलॅब लागते. ज्याच्या हाताला आयुध नाही तो तज्ज्ञ रोज चिठ्ठ्या लिहितो: रेफर टू अकोला. वर्षभरात तोही कंटाळून अकोल्याला जातो.

चिठ्ठ्यांच्या या साखळीचं टोक कुठे पोहोचतं ते ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीला नांदेडात दिसलं. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांतली बारा नवजात बाळं. औषधांचा तुटवडा, अपुरं मनुष्यबळ, खाटांपेक्षा जास्त रुग्ण, सगळ्यांची चर्चा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या वेळी रुग्णालय प्रशासनाने एक मुद्दा मांडला होता: सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टापूत एवढं मोठं रुग्णालय हेच, लांबून रुग्ण येतात आणि पुष्कळदा शेवटच्या अवस्थेत येतात. हा बचाव होता, आणि बचाव म्हणून तो पुरेसा नव्हता. पण वर्णन म्हणून तो बरोबर होता. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय अशा प्रत्येक थांब्यावर काही तास गळतात आणि शेवटच्या दारात पोहोचणारा माणूस निघताना होता त्याहून जास्त आजारी असतो. मेंदूत रक्ताची गुठळी अडकलेल्या रुग्णाला ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. रिसोड तालुक्यातल्या शेतात दुपारी कोसळलेल्या माणसाच्या बाबतीत हे घड्याळ कसं चालेल याचा अंदाज कुणीही बांधू शकतो.

तातडीच्या रुग्णासाठी निदान १०८ तरी आहे. जानेवारी २०१४मध्ये ही सेवा राज्यात ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि तिने जीव वाचवले आहेत यात वाद नाही. मात्र ती नेते, आणत नाही. आणि ती अपघाताची, झटक्याची, बाळंतपणाची गाडी आहे. दर मंगळवारी दाखवायला जायचं असलेल्या माणसाला ती लागू नाही.

खरी अडचण इथे आहे. तज्ज्ञाकडचा इलाज क्वचितच एका भेटीत संपतो. पहिल्या दिवशी केसपेपर, तपासणी आणि सोनोग्राफीची तारीख. दुसऱ्या खेपेला सोनोग्राफी. तिसऱ्या खेपेला रिपोर्ट घेऊन डॉक्टरांपुढे, तर त्यांचा ओपीडीचा वार कालच होऊन गेलेला. ‘पुढच्या मंगळवारी या’ हे शहरातल्या रुग्णासाठी साधं वाक्य आहे. रिसोडजवळच्या खेड्यातून आलेल्या जोडप्यासाठी त्याचा अर्थ पहाटेची गाडी, दोघांची मजुरी बुडणं, दोन वेळचं बाहेरचं खाणं आणि गोठ्यातल्या जनावरांसाठी शेजाऱ्याची विनवणी असा होतो.

विदर्भात घराघरांत पोहोचलेल्या तंबाखूच्या खर्ऱ्याची देणगी म्हणजे तोंडाचा कॅन्सर, त्याचंच उदाहरण घेऊ. गालाच्या आतली जखम बरी होत नाही म्हणून दाखवलं, तर आधी बायोप्सी. तिचा अहवाल आला की स्कॅन. मग शस्त्रक्रिया, आणि बहुतेक वेळा त्यानंतर रेडिएशन: आठवड्याचे पाच दिवस, सलग सहा ते सात आठवडे, दर वेळी काही मिनिटांचा शेक. तीस-पस्तीस बैठकांसाठी रोज रिसोड ते संभाजीनगर करता येत नाही. म्हणजे दीड-दोन महिने परक्या शहरात मुक्काम. मुंबईच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या गोरगरिबांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देते. शेंडगावच्या या वऱ्हाडी संताच्या नावाने चालणारी ती जागा आजही कित्येक कुटुंबांच्या उपचाराचाच भाग आहे. जिथे अशी सोय नाही, तिथे रेडिएशन अर्धवट टाकून माणसं गावी परततात. डॉक्टरांच्या नोंदीत त्याला ‘उपचार सोडला’ म्हणतात. सोडला कुणी, हा वेगळा वाद.

डायलिसिसचं गणित आणखी कोरडं आहे. आठवड्याला तीन वेळा, दर वेळी चार तास. वर्षाला १५६ बैठका. सुविधा वाशीमला घ्यायची आणि अंतर चाळीस किलोमीटर धरायचं, तर जाऊन-येऊन वर्षाला साडेबारा हजार किलोमीटर होतात. पृथ्वीच्या आरपार भोक पाडलं तर जवळपास एवढंच अंतर भरेल. एसटी महामंडळ डायलिसिसच्या रुग्णाला मोफत प्रवास देतं, ही मोठी गोष्ट आहे. पण डायलिसिस करून थकलेला माणूस एकटा परत येत नाही, आणि सोबत्याला तिकीट पडतं. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा सोबतीला घरातली बाई गेली तर तेवढाच खर्च वाचतो. तिच्या बुडालेल्या मजुरीला मात्र सवलत नाही. आणि आजारी तीच असेल तर? चुलीपुढून उठून ती आठ दिवस अकोल्याला राहणार कशी, हा प्रश्न घरात आधी विचारला जातो. गाठ किती मोठी आहे, हा त्यानंतर.

सरकारी योजनांबद्दल बोलताना तुच्छतेचा सूर लावण्याची फॅशन आहे. ती इथे उपयोगाची नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२मध्ये आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३मध्ये राज्यभर लागू झाली. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. वाशीमसह चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढऱ्या रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांनाही तिने सामावून घेतलं. दीड लाखाचं संरक्षण १ जुलै २०२४पासून पाच लाख झालं, उपचारांची यादी १,३५६वर गेली, आणि कार्डाच्या रंगाची अट उठली. या योजनेमुळे हृदयाच्या झडपा बदललेली, गुडघ्यात सळई बसवलेली माणसं आज गावोगाव दिसतात.

पण योजनेची रचना दाखल झालेल्या रुग्णाभोवती आहे. रोगाचं नाव कळेपर्यंतच्या फेऱ्या घरच्या पैशातून होतात. पूर्वपरवानगी मिळाली की खर्चाचं झाकण लागतं, आणि डिस्चार्जनंतर दहाएक दिवसांनी ते पुन्हा उघडतं. मूळ योजनेत ९७१ उपचारांसोबत पाठपुराव्याची १२१ पॅकेजेस होती, आणि घरी परतण्याचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही धरलेलं होतं. तेही एका वेळचंच. ज्याने कागदावर परतीचं भाडं लिहिलं त्याला प्रश्न नेमका कळला होता, असं म्हणावं लागतं. त्याने फेऱ्यांची संख्या तेवढी मोजली नाही.

पैशाचा हिशेब सोयाबीनच्या भाषेत मांडला तर रिसोडच्या वाचकाला तो लवकर पटेल. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या फेरीत एका वेळच्या दवाखाना-भरतीचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खाजगीत ३१,८४५ रुपये निघाला होता. २०२४-२५मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, आणि त्या हंगामात बाजार समित्यांत तो पुष्कळांना मिळाला नाही. म्हणजे कित्येक वर्षं जुन्या खर्चाने आणि पुऱ्या हमीभावानेही खाजगीत एकदा भरती होणं म्हणजे साडेसहा क्विंटल सोयाबीन. साहजिकच दुखणं सोंगणीपर्यंत ढकललं जातं. आश्विनात हाती पैसा येतो, दिवाळी होते, आणि मग जून-जुलैपासून छातीत दुखणारा माणूस डॉक्टरसमोर येऊन बसतो.

ही वाट सोपी करणारे प्रयोग महाराष्ट्रातच झाले आहेत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवारीचा आरोग्य विमा चालवला. सुगीत ऐपतीप्रमाणे कुटुंबाने जवारी द्यायची, गावातल्या तीन चतुर्थांश कुटुंबांनी तरी सामील व्हायचं, आणि त्या बदल्यात दवाखान्याने गावाची जबाबदारी घ्यायची. हप्ता तेव्हा भरायचा, जेव्हा घरात काही असतं; रिसोडच्या सोयाबीनवाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आणखी वेगळी वाट काढली. मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी मुंबईहून संस्थेच्या शोधग्राम इथल्या रुग्णालयात येऊन शिबिरं घेतात. रुग्णाला मुंबईला जावं लागत नाही, आणि सर्जन परत गेल्यावरही तिथला दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो. तिकडे मदुराईत डॉ. गोविंदप्पा व्यंकटस्वामी यांनी १९७६मध्ये अकरा खाटांवर अरविंद नेत्रालय सुरू केलं आणि खेड्यातल्या म्हाताऱ्याला शिबिरातून बसने आणून, मोतीबिंदू काढून, परत सोडण्याची जबाबदारी रुग्णालयाकडे घेतली. नुसतं फुकट ऑपरेशन जाहीर केल्याने माणसं येत नाहीत, हे त्यांना आधी कळलं होतं.

सरकारी यंत्रणेलाही हे जमतं. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरतं पथक अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलं तपासतं. दुभंगलेला ओठ किंवा हृदयातलं छिद्र सापडलं की शस्त्रक्रियेपर्यंत मुलाचा माग ठेवण्याचं काम यंत्रणेकडे असतं. मोठ्या माणसाच्या मागे असं कुणी नसतं. आशाताई असते, पण जवळजवळ हजार लोकवस्तीला एक, आणि कामांची यादी आधीच लांबलेली. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरने डॉक्टरचा सल्ला घेण्याची सोय नोव्हेंबर २०१९पासून आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या चारातल्या दोन भेटी जरी रिसोडच्या रुग्णालयात पडद्यावर उरकल्या आणि टाके तिथेच काढले, तर दोन दिवसांची मजुरी वाचते. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. पलीकडच्या डॉक्टरने ठरलेल्या वेळी पडद्यासमोर बसणं लागतं, आणि अलीकडच्याला जुने कागद दिसणं लागतं.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन केलं, त्यात वाशीमचं होतं. बुलढाणा आणि हिंगोलीचंही होतं, म्हणजे रिसोडच्या तिन्ही अंगांना एकेक. औषधवैद्यकशास्त्र, शस्त्रक्रिया, स्त्रीरोग, अस्थिरोग, बालरोग, भूल, क्ष-किरण हे विभाग महाविद्यालयाला ठेवावेच लागतात, त्यामुळे हात मोडलेल्याची आणि अडलेल्या बाळंतिणीची अकोल्याची खेप कमी होण्याची आशा रास्त आहे. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, कॅन्सर यांचे विभाग एमबीबीएसच्या महाविद्यालयाला सक्तीचे नाहीत. अकोल्यात महाविद्यालय निघालं २००२मध्ये आणि सुपर स्पेशालिटी रुग्णालयाची इमारत उभी राहायला त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ गेला. वाशीमच्या पहिल्या तुकडीची मुलं साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप संपवून २०३०च्या सुमारास डॉक्टर होतील. त्यांतलं कुणी पुढे एमडी-एमएस करून तज्ज्ञ झालं तर २०३३ उजाडेल. तोवर रिसोडच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या एका वारी वाशीमच्या महाविद्यालयाचे तज्ज्ञ येऊन बसले, तर ‘पुढच्या मंगळवारी या’ म्हणायला त्यांनाही हरकत नसावी.