शर्टावरील ९७ चा आकडा

लिव्हरपूल जिंकले की आमचे विद्यार्थी वर्गात नाचतच येतात. परंतु त्या शर्टावर मानेमागे ९७ हा आकडा का, असे आम्ही विचारले की सारे गप्प!

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरी होऊन ९७ चाहत्यांचा बळी गेला. दोषही चाहत्यांवरच ढकलला गेला. कुटुंबे झगडत राहिली. अखेर २०१६ मध्ये ज्युरीने चाहत्यांना निर्दोष ठरविले. अॅनफील्डच्या स्मारकावर सर्वांची नावे कोरली आहेत.

आपल्या मॉरिशसमध्येही २३ मे १९९९ रोजी फुटबॉल सामन्यानंतर पोर्ट लुईत 'लामिकाल' जाळले गेले. ७ जण प्राणास मुकले. त्यांची नावे आपल्या मुलांना ठाऊक आहेत का? ती घरोघरी आपणच सांगू या.