स्वतःच्या पद्धतीने खेळणे : ‘द एल्डर स्क्रोल्स’ या संगणकीय खेळमालिकेतील खेळाडूच्या स्वातंत्र्याचे स्वरूप

प्रस्तावना :
ठरावीक मार्गाने जाऊन ठरावीक शेवट गाठणे म्हणजे संगणकीय खेळ, असा सर्वसाधारण समज आहे. ‘ओपन वर्ल्ड’ या नावाने ओळखले जाणारे भूमिकाप्रधान खेळ या समजास छेद देतात. त्यांत खेळाडू एक पात्र निर्माण करतो आणि ते पात्र एका विस्तीर्ण काल्पनिक प्रदेशात वावरते. कोठे जावे, कोणता व्यवसाय करावा, इतकेच नव्हे तर मुख्य कथानक पूर्ण करावे की नाही, हेही खेळाडूच ठरवितो. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीची ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही मालिका या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. ‘अरीना’ (१९९४), ‘डॅगरफॉल’ (१९९६), ‘मॉरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) आणि ‘स्कायरिम’ (२०११) हे या मालिकेतील मुख्य खेळ आहेत. ‘स्वतःच्या पद्धतीने खेळणे’ म्हणजे नेमके काय आणि खेळाचे नियम त्यास कोठे पोषक व कोठे मारक ठरतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खेळाची दोन टोके सांगितली. ‘पाइदिया’ म्हणजे उत्स्फूर्त, मुक्त क्रीडा आणि ‘लूदुस’ म्हणजे नियमबद्ध खेळ. भातुकली पहिल्या टोकाजवळची, तर बुद्धिबळ दुसऱ्या टोकाजवळचे, असे म्हणता येईल. बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मधील ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथात खेळाची व्याख्या अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पार करण्याचा प्रयत्न अशा आशयाने केली. या दोन्ही विचारांच्या आधारे मुक्त विश्वातील खेळाचे स्वरूप स्पष्ट होऊ शकते.

कृतीतून घडणारे पात्र :
१९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने भूमिकाप्रधान खेळांचा पाया घातला. त्यात योद्धा, जादूगार असा वर्ग आरंभीच निवडावा लागे आणि पात्राची प्रगती त्या वर्गाच्या चौकटीत होत असे. ‘डॅगरफॉल’मध्ये निराळे तत्त्व आले. जे कौशल्य वापरावे तेच वाढते. तलवार चालविणाऱ्याचे तलवारीतील प्राबल्य वाढते, तर औषधी काढे बनविणारा किमयेत निपुण होतो. ‘स्कायरिम’मध्ये वर्गनिवड पूर्णपणे रद्द झाली आणि १८ कौशल्ये सर्वांना खुली राहिली. पात्र कोण आहे हे ते काय करते यावरून ठरू लागले. स्वतःच्या पद्धतीने खेळण्याचा मुख्य आधार हाच होय.

नियमांतील अंतर्विरोध :
केवळ निवडीची मुभा दिल्याने स्वातंत्र्य सिद्ध होत नाही, हे ‘ऑब्लिव्हियन’वरून दिसून येते. या खेळात खेळाडूने निवडलेली ७ प्रमुख कौशल्ये वाढली की पात्राची पातळी वाढत असे आणि त्याबरोबर शत्रूंचे सामर्थ्यही वाढत असे. संभाषण, व्यापार व किमया ही कौशल्ये प्रमुख म्हणून निवडणाऱ्या खेळाडूची पातळी शांततामय व्यवसायातूनच वाढे. मात्र वाटेत भेटणारा लुटारू त्याच प्रमाणात बलवान झालेला असे आणि लढण्याचे कौशल्य जेथल्या तेथेच राही. यावर उपाय म्हणून अनेक खेळाडू प्रत्यक्षात वापरावयाची नसलेली कौशल्येच प्रमुख म्हणून निवडीत. भूमिकेशी प्रामाणिक राहणाऱ्यास दंड आणि हिशेबी खेळाडूस लाभ, असा हा विपरीत परिणाम होता. २०२५ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत पातळीवाढीची ही पद्धत बदलण्यात आली.

निवड आणि परिणाम :
दुसरा प्रश्न परिणामांचा आहे. ‘मॉरोविंड’मध्ये तीन मोठ्या घराण्यांपैकी एकाच घराण्यात प्रवेश मिळे आणि संघात बढतीसाठी संबंधित कौशल्य विशिष्ट मर्यादेपर्यंत वाढविणे बंधनकारक होते. कथानकास आवश्यक असलेल्या व्यक्तीचीही हत्या करता येई. खेळ तशी सूचना देई, परंतु पुढे खेळण्यास मज्जाव करीत नसे. ‘ऑब्लिव्हियन’पासून अशा व्यक्ती केवळ बेशुद्ध पडू लागल्या. ‘स्कायरिम’मध्ये मोजकेच मंत्र वापरणारे पात्रही जादूविद्यालयाचे प्रमुखपद मिळवू शकते आणि तेच पात्र इतर बहुतेक संघांतही अग्रस्थानी जाऊ शकते. यादवी युद्धातील पक्षनिवड हा अपवाद वगळता फार थोड्या निवडींमुळे दुसरी वाट बंद होते. ‘स्कायरिम’मध्ये सर्व काही करता येत असल्यामुळे मुभा वाढली, परंतु एखादी भूमिका पत्करण्याचे महत्त्व मात्र कमी झाले.

स्वतः घातलेले नियम :
ही उणीव खेळाडू स्वतःच भरून काढतात. कोणाचीही हत्या न करणे, नकाशावरून क्षणार्धात प्रवास न करता पायी चालणे, पात्र मेल्यास खेळ नव्याने सुरू करणे, अशी व्रते ते घेतात. लेखक क्रिस्टोफर लिव्हिंगस्टन यांनी ‘ऑब्लिव्हियन’मध्ये नॉन्ड्रिक नावाचे पात्र घेऊन नायकाऐवजी सामान्य रहिवाशाचे जीवन जगण्याचा प्रयोग केला व तो लिहून काढला. सूट्स यांच्या व्याख्येतील स्वेच्छेने पत्करलेला अनावश्यक अडथळा तो हाच. ‘मॉरोविंड’च्या संगणक-आवृत्तीसोबत खेळात बदल करण्याचे साधनही देण्यात आले होते. त्यामुळे असे नियम खेळाच्या रचनेतच समाविष्ट करणे शक्य झाले. ‘स्कायरिम’चा आरंभ वधस्थानाकडे नेल्या जाणाऱ्या कैद्यापासून होतो, परंतु चाहत्यांनी केलेल्या ‘मॉड’मुळे वेगळ्या स्थळी, वेगळ्या पार्श्वभूमीसह प्रारंभ करता येतो.

निष्कर्ष :
१. स्वतःच्या पद्धतीने खेळणे म्हणजे नियमांचा अभाव नव्हे. खेळाडूने स्वतःचा नियम ठरवून तो पाळणे, असे त्याचे स्वरूप आहे. कायवा यांची दोन्ही टोके येथे एकत्र येतात.
२. खेळाची रचना त्या नियमास प्रतिसाद देते की दंड करते, यावर स्वातंत्र्याचे मोल अवलंबून असते.
३. ज्या निवडीमुळे दुसरे काहीच सोडावे लागत नाही, ती निवड पात्रास ओळख देऊ शकत नाही.

साहित्य, तत्त्वज्ञान व मानसशास्त्र या विषयांच्या अध्यापनात स्वातंत्र्य आणि बंधन यांचा संबंध नेहमीच चर्चिला जातो. विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या अशा खेळांतून त्या चर्चेस तपासून पाहता येण्याजोगी उदाहरणे मिळू शकतात. त्यामुळे या खेळांकडे केवळ कालापव्यय म्हणून पाहणे उचित ठरणार नाही.