पहिली तीन वर्षं जातात कुठे?

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही वावराच्या धुऱ्यावर नजर टाका. बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत लेकरू, आणि पलीकडे पऱ्हाटीच्या ओळीत ओटी बांधून वेचणारी त्याची माय. सुकलेल्या बोंडांची टोकं तिची बोटं ओरबाडतायत. लेकरू टक लावून सगळं पाहतंय. मोठेपणी यातलं त्याला काय आठवेल? काहीच नाही!

आहे की नाही अजब? याच काळात ते चालायला, बोलायला शिकतं आणि ते शिकणं जन्मभर पुरतं. प्रसंग मात्र साफ पुसले जातात. बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते.

2014 मध्ये टोरांटोच्या शास्त्रज्ञांना याचा एक धागा सापडला. प्रसंगांची नोंद ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात कोवळ्या वयात नव्या पेशी धडाक्याने तयार होतात आणि जुन्या जोडण्या विस्कटतात. दुबार पेरणीत पहिल्या पेऱ्याच्या ओळी मोडतात ना, तसंच. उंदरांच्या पिल्लांत या पेशी तयार होण्याचा वेग कमी केला, तर आठवण जास्त टिकली! गिनीपिगचं पिल्लू तर बराचसा तयार मेंदू घेऊनच जन्मतं; ते एवढं विसरतच नाही.

मग यवतमाळचा तिशीतला एखादा माणूस ‘मला शकुंतलेच्या इंजिनाचा धूर आठवतो’ म्हणतो, ते कसं? यवतमाळहून पूर्वी मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीचं वाफेचं इंजिन 15 एप्रिल 1994 ला काढून डिझेलचं लावलं. तो माणूस 1993 मध्ये जन्मला असेल, तर त्याला तो धूर कुठून आठवणार? ती बहुधा आजीची आठवण. शंभरदा ऐकलेली गोष्ट मेंदूत चित्र होऊन बसते आणि ते चित्र आपलंच वाटू लागतं. तो माणूस खोटं बोलत नाही!

गोष्टींची खरी ताकद तर पुढेच आहे. न्यूझीलंडमधल्या माओरींच्या पहिल्या आठवणी तिथल्या युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा लहान वयातल्या निघाल्या. माओरी घरांत घडून गेलेल्या गोष्टी पुन्हापुन्हा बोलल्या जातात. ज्यांच्या आया लहानपणी ‘मग काय झालं?’ असं खोदून विचारत, त्या मुलांनाही पुढे जास्त लवकरचं आठवतं.

मला या सगळ्यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं. मजुराच्या घरात फोटोंचा अल्बम नसेल, खेळणी नसतील. पण या बोलण्याला दमडी लागत नाही. घरात दोन-तीन वर्षांचं लेकरू असेल, तर आज जेवताना त्याला विचारा, ‘आज काय काय पाहिलं रे? मग काय झालं?’